कुंकू बसलेली तबकडी

सोलापूर, ९ एप्रिल १९३५

प्रिय मुकुंदा,

तीन वर्षं तू सणावारालाही फिरकला नाहीस, म्हणून हे पत्र रागानेच सुरू करते आहे. थोरली बहीण आहे, तेवढा हक्क माझा. इथे ऊन नुसतं पेटलं आहे. तू पाठवलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या वाकू नयेत म्हणून मी त्या माठाशेजारी ठेवल्या आहेत.

त्या आल्या त्या दिवशीची गंमत तुला कधी कळवली नाही. चिठ्ठीत तू एवढंच लिहिलं होतंस, 'आईला ऐकव.' झालं! आई धरून चालली की फिडल तूच वाजवलं आहेस. मुंबईच्या सिनेमात मूकपटाला साथ वाजवणारा तिचा लेक, त्याची तबकडी निघायचीच! चारी तबकड्यांना तिने हळदकुंकू वाहिलं आणि आळीभर साखर वाटली. त्यांवरचं रशियन संगीतकाराचं आणि कुणा परक्या वादकाचं नाव मी वाचलं होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट राहिले.

तेव्हापासून दुपारी गिरणीचा भोंगा झाला की ग्रामोफोनला चावी द्यायची. चार तबकड्या, आठ बाजू, दर बाजूला सुई बदलायची. शेजारची दाक्षायणी दारात बसून डोळे पुसते. "काकू, लई रडवतोय की तुमचा मुकुंद!" आई फुलून जाते.

दुसऱ्या तबकडीच्या खाचेत मात्र कुंकू बसलं होतं. आईने ते पदराने खसाखसा पुसलं, आणि तिथे कायमचा ओरखडा पडला. सुई त्या जागी अडते आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. मी पुढे ढकलायला गेले की आई माझा हात धरते. हा काय हट्ट म्हणून मी किती चिडायचे!

संक्रांतीला दाक्षायणीचे यजमान शिवशरण मुंबईहून आले. बोलपट आल्यापासून सिनेमात वाजवणाऱ्यांना काम राहिलं नाही, तू फिडल विकलंस आणि तबकड्यांच्या दुकानात पार्सलं बांधतोस, हे त्यांनी मला एकटीला सांगितलं. मग कळलं, तू का येत नाहीस ते. आईला कुठल्या तोंडाने भेटू, हेच ना? वेडा आहेस. मला फार रडू आलं रे.

आई होळीपासून अंथरुणावर आहे. डॉक्टरांनी फार दिवस सांगितले नाहीत. काल सुई पुन्हा अडली. मी उठले, तशी ती म्हणाली, "राहू दे गं. बाकीचं वाजवणारा कुणी दुसराच आहे, तो कुठे चुकत नाही, थांबत नाही. आपला मुकुंद अडला की तोच तुकडा परत परत घोटायचा. एवढंच माझ्या पोराचं आहे." साखर वाटून झाली त्याच दिवशी तिने ऐकून ओळखलं होतं, हेही तिनेच सांगितलं. आळीत तुला कमीपणा नको म्हणून ती गप्प राहिली, आणि तिला कळू नये म्हणून मी. तार केली असती, पण 'आई आजारी' वाचून तू पुन्हा तोंड लपवलं असतंस. फिडल नसलं तरी ये. तिला तुझं वाजवणं नको आहे, तू हवा आहेस. मिळेल त्या गाडीने नीघ. तू येईपर्यंत मी ती सुई उचलणार नाही.

तुझीच,
अक्का