ढवळाढवळविरोधी समिती

२ फेब्रुवारी
रोजनिशी सुरू. माणसानं निदान स्वतःशी खोटं बोलू नये म्हणून. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, आत्यानं घरी शिकवलं. तिचा पहिला धडा : बोलण्याआधी समोरच्याचं ऐकावं. मी ऐकतेच. मग बोलते.

आज समिती स्थापन झाली. आपलं सरकार त्या लांबच्या देशात विमानं पाठवतंय, तिथल्या लोकांना म्हणे मुक्त करायला. त्यांनी बोलावलं होतं का, हा साधा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही विचारणार. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, प्रचारप्रमुख माझा मावसभाऊ, सचिव मी. तिघांचं एकमत झाल्याशिवाय कुठलाही ठराव नाही. मावसभाऊ शेवटी बोलणाऱ्याशी सहमत होतो, म्हणून मी शेवटी बोलायचं ठरवलंय.

आत्या म्हणाली, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. युद्धविरोधी घरात असे शब्द नकोत, हे तिला शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, बरं, मग घरची भांडी तरी घास.

९ फेब्रुवारी
जागेचा प्रश्न सुटला. कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच देशातून आलेल्या शिंपीणताई आणि त्यांचे दीर ते चालवतात. मागे एक रिकामी खोली. ताई आधी नाही म्हणाल्या. मी पुन्हा गेले. पुन्हा नाही. पुन्हा गेले. शेवटी म्हणाल्या, घे बाई, पण लवकर आटपत जा. म्हणजे स्वखुशीनं दिली.

बॅनरचे रंग, थिनरचे डबे, काठ्या, सगळं तिथेच ठेवलं. कापडाच्या गठ्ठ्यांमागे. कोणाच्या अध्यात ना मध्यात.

१६ फेब्रुवारी
दीर ओरडतात. कानठळ्या बसतील असं. किल्ली त्यांच्याकडे. झोपतातही दुकानातच.

ताईंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, अगं, माझ्यावर नाही, माझ्या आईवर ओरडतो तो. आई अजून तिकडेच आहे. टॉवर पडलेत, इथून फोन लागत नाही. तिकडे कोणाचा चालू फोन हाताला लागला की ती करते. तिला एकच नंबर पाठ आहे, या दुकानाचा. लाइन इतकी खराब, ओरडल्याशिवाय तिला ऐकूच जात नाही. कधी करील याचा नेम नाही, म्हणून तो बिचारा इथेच झोपतो.

मी मान हलवली. पीडित माणूस नेहमी काहीतरी कारण देतो, हे मी वाचलेलं आहे.

२३ फेब्रुवारी
प्रश्नावली घेऊन ताईंकडे गेले. निष्कर्ष आधी काढायचा नाही, असा नियम केला आहे.

तुम्हाला स्वातंत्र्य हवं आहे का? ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून म्हणाल्या, कोणाला नको असतं? नोंदवलं : होय. दिरांचा त्रास होतो का? म्हणाल्या, तोंड फटकळ आहे त्याचं, हात नाही. नोंदवलं : होतो.

मग त्यांनीच माझा हात धरला. मार्चअखेर दुकानाचा करार वाढवायचा आहे, मालक आधीच कुरकुरतोय, परके भाडेकरू नकोत म्हणतो. दुकान गेलं तर फोन गेला. तोवर काही गडबड करू नकोस, पाया पडते तुझ्या. नोंदवलं : सतत भीतीच्या छायेत.

१ मार्च
महत्त्वाची मीटिंग. विषय : दिरांविरुद्ध पाऊल. डॉक्टरांनी शंका काढली, ही ढवळाढवळ होत नाही का? प्रश्न प्रामाणिक होता. माझं डोकं दुखायला लागलं. चहा गार झाला. मग उत्तर सापडलं : सरकार परक्यांच्या घरात शिरतं. ताई परक्या नाहीत, आपल्याच आहेत. डॉक्टरांना पटलं. मावसभावाला आधीच पटलं होतं, दोन्ही बाजूंनी.

ताई पुढच्या खोलीत कोणाची तरी पँट आखूड करत होत्या. त्यांना बोलवूया का, असं मावसभाऊ म्हणाला. त्यांच्यावर दडपण येईल म्हणून नको ठरलं.

४ मार्च
दिरांशी संवाद. मी निवेदन वाचून दाखवलं, पूर्ण. ते शिलाई मशिनला तेल घालत ऐकत होते. मग म्हणाले, बाई, खोली दिली, चहा देतो, अजून काय देऊ? आमच्या गावावर विमानं तुमची, आमच्या घरात समिती तुमची. भीक नको पण कुत्रं आवर.

मी उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. ते आत पळाले आणि ओरडायला लागले. पुरावा मिळाला.

८ मार्च
बहिष्कार सुरू. आम्ही तिघांनी आपापले कपडे अर्धवट परत आणले. डॉक्टरांच्या पँटचा एक पाय आखूड झाला होता, दुसरा व्हायचा होता. तत्त्व म्हणून तशीच घालतात. पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे कोणी काही बोलत नाही.

मावसभावानं दुकानाच्या काचेवर स्टिकर लावले : इथे अन्याय शिवला जातो. गिऱ्हाईक कमी झालं आहे. परिणाम दिसू लागला.

ताईंनी स्टिकर नखानं खरवडून काढले. सवयीची गुलामी. रागावले नाही मी.

१४ मार्च
कामगार खात्याला तक्रार पाठवली. पाठवण्याआधी चार वेळा वाचली. 'अमानुष' खोडून 'कठोर' केलं. अतिशयोक्ती माझ्यानं होत नाही.

१९ मार्च
इन्स्पेक्टर आले. वह्या बघितल्या, ताईंना कामाचे तास विचारले, त्यांना काही सापडलं नाही. निघता निघता मागच्या खोलीत डोकावले आणि एक गठ्ठा उचलला. थिनरचे डबे. कापडात ज्वालाग्राही माल. कोणाचा, विचारलं.

दीर माझ्याकडे बघत राहिले. ताईही. मी सांगणारच होते. पण डबे समितीचे, आणि एकमत झाल्याशिवाय समितीच्या वतीनं बोलायचं नाही हा नियम माझाच. स्वतःच्या सोयीसाठी तो मोडणं मला बरोबर वाटलं नाही.

दुकानाला सील लागलं.

२१ मार्च
तक्रारीत नाव असल्यामुळे दिरांच्या इथे राहण्याच्या परवान्याची चौकशी निघाली. ते शहर सोडून गेले. कुठे, ते ताईंनाही सांगितलं नाही. वहिनीला खोटं बोलावं लागू नये म्हणाले.

म्हणजे ताई मुक्त झाल्या. एवढ्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. नम्र राहायचं, असा संकल्प. त्यांना विचारलं, आता कसं वाटतंय? त्या म्हणाल्या, फोन आतच राहिला.

२५ मार्च
दुकानावरून गेले. आत फोन वाजत होता. बराच वेळ. थांबला, परत वाजला. सील तोडणं गुन्हा आहे, आणि ध्येय चांगलं असलं तरी मार्ग शुद्धच हवा.

ताई बंद शटरला कान लावून उभ्या होत्या. मी हात केला. लक्ष नव्हतं त्यांचं.

२८ मार्च
मीटिंग डॉक्टरांच्या दवाखान्यात. जागेअभावी मी पेशंटच्या खुर्चीत. ती आपोआप मागे कलते, त्यामुळे मुद्दे छताकडे बघून मांडावे लागले.

विषय : निदान फोन बाहेर काढू द्या, असा अर्ज. मसुद्यात 'विनंती' की 'मागणी' यावर अडलं. विनंती म्हणजे सत्तेपुढे वाकणं, असं माझं मत. मागणी केली तर साहेब चिडतील, असं डॉक्टरांचं. मावसभाऊ दोघांशी सहमत. घाईत चुकीचा शब्द जाण्यापेक्षा पुढच्या मीटिंगमध्ये बघू.

ताईंना कळवलं की विषय अजेंड्यावर वरच आहे.

१ एप्रिल
करार संपला. मालकानं सील काढून घेतलं आणि जागा दुसऱ्याला दिली. ताईंचं सामान फूटपाथवर, फोनसकट. वायर तुटलेली. अर्जाची आता गरज उरली नाही, त्यामुळे वाद आपोआप मिटला. मन हलकं झालं.

घरी सांगितलं तर आत्यानं विचारलं, त्या माउलीला नवा नंबर कोण कळवणार? मी म्हटलं, सरकारचं परराष्ट्र धोरणच याला जबाबदार आहे. आत्या म्हणाली, शिकवणारीचंच चुकलं.

वय झालं तिचं. स्वतःला उगाच दोष देते.

१२ एप्रिल
मोर्चा. हजार माणसं येतील असा माझा अंदाज, तोही हात आखडून केलेला. आलो आम्ही तिघं आणि डॉक्टरांचे दोन पेशंट. त्यांचे जबडे अजून बधिर होते, घोषणा स्पष्ट येईनात. पण भावना पोचली.

ताईंना भाषणाला बोलावलं होतं. आल्या नाहीत. मग त्यांची गोष्ट मीच सांगितली, त्यांच्या तोंडून. 'मी मुक्त झाले' हे वाक्य दोनदा म्हटलं. मावसभावानं टाळ्या वाजवल्या.

३ मे
धक्का. ताई कारखान्यात लागल्यात. गणवेश शिवतात. सैन्याचे. शिवणकाम दुसरीकडे मिळालं नाही, असं त्यांनी कोणाला तरी सांगितलं म्हणे. त्यांच्याच देशात जाणाऱ्या शिपायांच्या सदऱ्यांना काजं करायची. काय म्हणावं.

मीटिंग बोलावली. तीव्र खेदाचा ठराव. एकमत इतक्या चटकन कधीच झालं नव्हतं.

२१ मे
वार्षिक अहवालात ताईंचे दोन शब्द हवेत. खेद बाजूला ठेवून कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. मन मोठं करावं लागतं.

ताई बारीक झाल्यात. आईचं काही कळलं का, मी आठवणीनं विचारलं. म्हणाल्या, कळलं. गावचा एक माणूस इकडे आला, त्यानं सांगितलं. मार्चच्या शेवटी आई रोज कोणाकोणाकडे फोन मागत हिंडायची. सगळे गाव सोडून निघाले तरी ती निघेना. पोरीला विचारल्याशिवाय कुठे जाऊ, पोरगी मला शोधणार कुठे, म्हणायची. मग त्या आळीवर बॉम्ब पडला.

हे सगळं त्यांनी एका सुरात सांगितलं. मी लिहून घेतलं. सरकारनं घेतलेला आणखी एक बळी. अहवालात पहिल्या पानावर घ्यायचं.

मी त्यांना म्हटलं, समिती तुमच्या पाठीशी आहे. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, परत कधी येणार आहेस? मला फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी आपणहून काही विचारलं. गुरुवारी येते म्हटलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, गुरुवारीच ना?

२७ मे, गुरुवार
वेळेआधी गेले. अहवालाचं प्रूफ बरोबर. भोंगा झाला, बायका बाहेर पडल्या. शेवटची बाई गेली. शिपाई फाटक लोटायला लागला, त्याला विचारलं. तो म्हणाला, शिंपीणताई होय? त्या रोज इकडूनच जातात, आज मात्र मागच्या फाटकानं गेल्या. आज तिकडून का हो, असं मी विचारलंसुद्धा त्यांना. नुसत्या हसल्या.

पुढच्या वेळी मागच्या फाटकाशी उभं राहायचं. वार सांगायचा नाही.