चौदा तासांचं गणित अकरा मिनिटांत

३ मार्च
आजपासून नियमित लिहायचं. ऑफिसात क्रेनचा हूक किती वजनाला तुटेल हे कॉम्प्युटर आधीच सांगतो. स्क्रीनवर हुकाचे बारीक चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येकावरचा ताण काढायचा. चौदा तास लागतात. माझं काम बटण दाबणं आणि फळ्यावर वेळ लिहिणं. महिनाअखेरीला पर्मनंट होणारच. नाही तर दादाने त्याच्या वर्कशॉपात माझ्यासाठी ठेवलेलं लेथ मशीन आहेच.

५ मार्च
सगळे इंजिनिअर वेग वाढवायच्या मागे. माझा रूममेट चष्मिससुद्धा. आठवडाभर राबून चौदाचे तेरा. मी विचारलं, तुकडे मोठे केले तर? म्हणाला, मग काय, मिनिटांत होईल. आणि हसला. म्हणजे त्याला सुचलं नव्हतं.

९ मार्च, दुपारी
चष्मिस दातांच्या डॉक्टरकडे. तुकडा एक मिलिमीटरचा होता, वीसचा केला. अकरा मिनिटं. आमच्या हेड मॅडमनी फळा बघितला, मग मला. सांगितलं, चष्मिसने आणि मी मिळून केलं. मन मोठं असावं. त्याचं नाव ऐकून त्यांनी पुढे विचारलंच नाही.

१० मार्च
रिपोर्ट गेला. हूक दहा टन पेलणार. चष्मिस गाल सुजवून खोलीवर पडलाय. त्याला सरप्राइज द्यायचं, म्हणून गप्प. दादाला फोनवर सांगितलं, पर्मनंट झालोच समज. म्हणाला, मग लेथ विकू? म्हटलं, खुशाल.

१३ मार्च
लॅबमध्ये खरा हूक सहा टनांवर तुटला. कुणाला लागलं नाही. चष्मिसने मीटिंगमध्ये सांगितलं, एवढ्या मोठ्या तुकड्यांत हुकाची गोलाईच उरली नाही, ताण दिसणार कुठून? आकडा कुणी बदलला तेही सांगितलं. एका ताटात जेवलेला माणूस. खोलीवर येऊन बोलता आलं नसतं? कौतुकाच्या वेळी मी त्याचं नाव घेतलं, बोलणी खायच्या वेळी त्याने माझं.

१४ मार्च
त्याच्याशी अबोला. चहा त्यानेच केला. प्यायलो, पण बोललो नाही.

३१ मार्च
चष्मिसने गणित नऊ तासांवर आणलं. टाळ्या. नऊ तासांना. मी पर्मनंट नाही, आणखी तीन महिने बघू म्हणाल्या. तेही चष्मिसने शब्द टाकला म्हणून, असं मॅडमच म्हणतात. मग एक छापील कागद दिला, ‘गणित चालू आहे, हात लावू नये’. कुठे चिकटवू, विचारलं. म्हणाल्या, तुझ्याच टेबलावर.
दादाला फोन लावला. सहज विचारलं, लेथ आहे ना? म्हणाला, सकाळीच गेलं, क्रेनने उचलून नेलं. विचारलं, हूक तुटला नाही? म्हणाला, नाही, का रे?