मंगळवारचं ऑब्झर्व्हेशन

१ जानेवारी २००८, नेपरव्हिल
नवीन वर्ष, नवीन डायरी. संकल्प एकच: ३१ मार्चपर्यंत करिअर बदलायचं. मागच्या वर्षीही हाच संकल्प होता, पण त्याला तारीख नव्हती. तिथेच घोडं पेंड खात होतं.
परिस्थितीचा आढावा. मी जपानमध्ये, नागोयात, सहा वर्षं इंग्रजी संभाषण शिकवलं. शेवटी हेड टीचर. मग नेत्राशी लग्न आणि सप्टेंबरात तिच्या व्हिसावर इथे. माझ्या व्हिसाचं नाव डिपेंडंट. डिपेंडंटला पगारी काम चालत नाही, फुकट चालतं. म्हणजे दार बंद नाही, फक्त लोटलेलं आहे.
नागोयाच्या मॅनेजरनी, योनेदा-साननी, माझी जागा मार्चअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. तिकडे एप्रिलमध्ये नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होतं. मी अर्थातच परत जाणार नाही. पण कुठे तरी आपली जागा राखलेली असली की माणूस ताठ चालतो.

३ जानेवारी
चाललोच नाही. बर्फ. गाडी नेत्रा ऑफिसला घेऊन गेली. माझ्याकडे लायसन्सही नाही. डिसेंबरातल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी उजवीकडे वळून डाव्या बाजूने चालवायला लागलो आणि परीक्षकबाईंनी स्वतः स्टिअरिंग धरलं. भारत आणि जपान, दोन्हीकडे डावीकडून चालवतात. दोन देशांचा अनुभव असलेल्या माणसाला एका देशाने नापास करावं, याला काय म्हणायचं.
दिवसभर बाल्कनीतून पार्किंग लॉट पाहिला. रेझ्युमेचा फाँट बदलला.

८ जानेवारी, मंगळवार
मोठा दिवस. लायब्ररीत दर मंगळवारी इंग्रजी संभाषण वर्ग असतो, व्हॉलंटिअर्स वेलकम, असा बोर्ड परवा पाहिला होता. प्लॅन सोपा आहे: इथे फुकट शिकवायचं, नाव करायचं, मग इथलं एखादं कॉलेज आपणहून व्हिसा स्पॉन्सर करेल. इस्त्रीचा शर्ट घातला. नेत्राने ऑफिसला जाताना सोडलं.
वर्ग चालवतात त्या बार्बराबाई, रिटायर्ड शिक्षिका. मी त्यांना थेट नागोया पद्धतीचा डेमो दिला. सावकाश, एकेक शब्द सुटा, तोंड पूर्ण उघडून, हातवाऱ्यांसकट. गुड. मॉर्निंग. माय. नेम. इज. मोरेश्वर. छातीवर हात. आय. लव्ह. इंग्लिश. बाई हेलावल्या. माझा हात दोन्ही हातांत धरून त्याही तितक्याच सावकाश बोलल्या. शिक्षकच शिक्षकाला ओळखतो.
मग मला गोलात बसवलं, छातीवर नावाची चिठ्ठी लावली, कुकी दिली. म्हणजे ऑब्झर्व्हेशन सुरू. नागोयातही नवीन शिक्षक कित्येक आठवडे वर्गात नुसता बसतो. मला वर्ग कधी देणार, असं तो विचारत नाही. विचारलं की संपला. वेळ झाली की ते आपणहून सांगतात.
रात्री नेत्राने विचारलं, तू शिक्षक आहेस हे सांगितलंस ना. म्हटलं, सांगावं लागत नाही, टेक्निक बोलतं. ती कूकर लावायला गेली.

१५ जानेवारी, मंगळवार
गोलात आम्ही पाच-सहा. एक पोलिश सुतार, यानुश. एक चिनी आजी, मिसेस लिऊ. आणि हिरोको-सान, नवरा इथल्या जपानी कंपनीत. हिरोको-सान माझ्याकडे सारखं बघत होत्या. साहजिक आहे, जपानी माणसाला दर्जा कळतो.
मी मुद्दामच सोपं आणि तुटक बोललो, म्हणजे बाकीच्यांना लाज वाटायला नको. बार्बराबाईंना हे फार आवडलं. गुड जॉब, मो, म्हणाल्या. मला त्या मो म्हणतात.
घरी करायला एक कागद दिला, रिकाम्या जागा भरा. भरल्या. शिवाय असा कागद अजून चांगला कसा करता येईल, यावर मागच्या बाजूला चार सूचना लिहिल्या.

१९ जानेवारी
महाराष्ट्र मंडळाची संक्रांत. रवींद्रकाकांनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवताच विचारलं, सध्या काय चाललंय तुमचं. म्हटलं, एज्युकेशनमध्ये आहे, इव्हॅल्युएशन स्टेज. काका म्हणाले, अरे वा, आमच्या निधीला पण सायन्स फेअरसाठी कोणी तरी पाहिजेच होतं. निधी सातवीत आहे. तिने माझ्याकडे बघून आय्‌म गुड, थँक्स, असं म्हटलं आणि ती निघून गेली.

२२ जानेवारी, मंगळवार
कागद परत मिळाला. त्यावर सोनेरी चांदणी चिकटवली आहे. सूचनांबद्दल काही शेरा नाही. बहुधा वरिष्ठांकडे पाठवल्या असतील.

२८ जानेवारी
नागोयाहून शुभाची ईमेल. शुभा माझी तिथली ज्युनिअर, मूळची साताऱ्याची. लिहिते, किती वर्षं हाऊ आर यू, आय अ‍ॅम फाइन शिकवायचं, मला बाहेर पडायचंय, तुम्ही कसं केलंत ते सांगा. सविस्तर उत्तर दिलं. मुद्दे: घाई नको, नेटवर्किंग करा, कधीही सरळ जाऊन मागू नका, वातावरण वाचायला शिका. दीड तास लागला. दिवस चांगला गेला.

५ फेब्रुवारी, मंगळवार
शर्ट घालून तयार होतो. नेत्रा म्हणाली, बर्फामुळे आज वर्ग नाहीये रे. म्हटलं, तुला कसं कळलं. म्हणाली, हवामान बघून अंदाज. शर्ट काढला नाही. बाल्कनीतून पार्किंग लॉट पाहिला. यंत्राने बर्फ एका कोपऱ्यात लोटून डोंगर केलाय.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
बाईंनी मला व्ही आणि डब्ल्यूचे उच्चार आरशात बघून करायला लावले. नवीन मार्केटमध्ये उतरताना लोकल ट्रेनिंग घ्यावंच लागतं. यानुशने पाठ थोपटली. चांगला माणूस आहे, पण सारखा पाठ थोपटतो.

२६ फेब्रुवारी, मंगळवार
अखेर इंटरव्ह्यू झाला. बाईंनी मागच्या वेळीच सांगितलं होतं, पुढच्या मंगळवारी जॉब इंटरव्ह्यू. त्यांनी तो सगळ्यांचाच घेतला, अगदी मिसेस लिऊंचासुद्धा. भेदभाव दिसू नये म्हणून असणार.
टाय बांधला. पहिल्या प्रश्नाला मी व्हेरी गुड क्वेश्चन म्हणून बाईंना अंगठा दाखवला. सवय. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की आम्हाला तसं करावंच लागायचं. आधीचं काम विचारलं तेव्हा पंचाईत झाली. जपानमध्ये इतकी वर्षं काढल्यावर स्वतःची टिमकी वाजवायला जीभ उचलत नाही. म्हटलं, शाळेत होतो, छोटंमोठं काम करायचो. बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, मो, कुठलंच काम छोटं नसतं, शाळा स्वच्छ ठेवणारी माणसं नसती तर शाळा चालल्याच नसत्या. त्या असं का म्हणाल्या ते नीट कळलं नाही, पण विचार मोठा आहे.
शेवटी जरा वाहवत गेलो आणि विसरून नेहमीच्या वेगाने बोललो. बाईंच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मते काम झालं.

११ मार्च, मंगळवार
बढती. मला गोलातून उठवून निळ्या टेबलापाशी बसवलं. तिथे जरा वरचे लोक बसतात. हिरोको-सान तिथेच आहेत. त्यांनी मान थोडी जास्तच लववली. मीही लववली. मग त्यांनी आणखी लववली. बाई म्हणाल्या, तुमचं झालं की पान आठ काढा.

१६ मार्च, रविवार
योनेदा-सानची ईमेल: यायचं असेल तर कृपया महिनाअखेरपर्यंत कळवा, जागेला इतर उमेदवार आहेत.
नेत्राशी बोललो. ती टीव्ही बंद करून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, तुला जायचं असेल तर वर्षभर जाऊन ये, मी मॅनेज करीन, पण त्या लायब्ररीच्या भरवशावर काही ठरवू नकोस. म्हटलं, भरवसा कसला, सिलेक्शन चालू आहे. तिने तोंड उघडलं. मग मिटलं. मग म्हणाली, चहा टाकू का.
लग्नानंतर वर्षभर लांब राहिलं की माणसं फोनवर जेवणाबद्दलच बोलायला लागतात, हे मी नागोयात इतरांचं पाहिलंय. तरी ठरवताना भावना मध्ये आणायच्या नाहीत.

२८ मार्च
योनेदा-सानना नकार कळवला. जपानीत नकार देणं फार अवघड, तीन परिच्छेद माफी आणि एक ओळ हवामान. लिहिलं, इथल्या शिक्षणक्षेत्रातल्या जबाबदाऱ्यांमुळे येणं शक्य नाही.
मोकळं वाटायला हवं होतं. खाली फिरायला गेलो. फुटपाथ कोपऱ्यावर संपतो, पुढे नुसता हायवे. परत आलो. बर्फाचा डोंगर अजून वितळलेला नाही, काळा पडलाय.

१ एप्रिल, मंगळवार
संकल्पाची तारीख उलटली. हरकत नाही. अमेरिकेत आर्थिक वर्ष वेगळं असतं.
शुभाची ईमेल. तिला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनिंग डिपार्टमेंटची नोकरी लागली. हे मीच पाच वर्षांपूर्वी ठरवलं होतं, स्वतःसाठी. लिहिते, तुमचे सगळे मुद्दे वाचले, पण मला धीर धरवेना, मी सरळ जाऊन विचारलं. दोन वाक्यांत अभिनंदन केलं. अशा रीतीने मिळालेली नोकरी टिकते का, ते बघायचं.

१५ एप्रिल, मंगळवार
घोषणा जवळ आली. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, २९ तारखेला कार्यक्रम आहे, बायकोला नक्की घेऊन ये, तुझ्याबद्दल काही तरी खास आहे. काय, ते विचारलं नाही. सहा वर्षांच्या शिस्तीचं आज चीज झालं.
नेत्राला सांगितलं. ती म्हणाली, अरे, मोरेश्वर. नुसतंच. मग म्हणाली, येते मी, हाफ डे टाकते.

२७ एप्रिल
भाषण तयार. विषय: मी आणि इंग्रजी अध्यापन, नागोया ते नेपरव्हिल. बिझनेस कार्डंही छापली, जाड कागदावर. नावाखाली नुसतं फॅकल्टी लिहिलंय. पद ठरलं की पेनने भरता येईल.

२९ एप्रिल, मंगळवार
केक होता. यानुशचं अख्खं कुटुंब आलं होतं. नेत्रा मागच्या रांगेत.
बाईंनी एकेकाला बोलावून सर्टिफिकेट दिलं. मला सगळ्यात शेवटी. बाई म्हणाल्या, हा मो. जानेवारीत आला तेव्हा याला एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं, छातीवर हात ठेवून एकेक शब्द जोडायचा, आणि आज ऐका. मोस्ट इम्प्रूव्ह्ड स्टुडंट. सगळे उभे राहिले. यानुशने पाठ थोपटली. मग म्हणाल्या, मो, बोल काही तरी.
भाषण खिशात होतं. थँक यू म्हणालो. सलग.
केक घेताना हिरोको-सान जवळ आल्या आणि हळूच जपानीत म्हणाल्या, तुम्ही सेन्सेई, म्हणजे शिक्षक, आहात ना. त्यांच्या शाळेतले सर असेच छातीवर हात ठेवून सुरू करायचे, त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं, मग बोलल्या का नाहीत. म्हणाल्या, आपण विचारणं बरं दिसलं नसतं.
गाडीत नेत्राने सांगितलं. फेब्रुवारीत बर्फामुळे वर्ग रद्द झाला तेव्हा बार्बराबाईंनी तिला फोन केला होता, कारण घरातलं सगळं तिच्याच नंबरवर आहे. तेव्हाच म्हणाल्या, तुमचे मिस्टर फार मेहनती विद्यार्थी आहेत. नेत्रा त्याच दिवशी सांगणार होती. पण मंगळवारी मी इस्त्रीचा शर्ट घालतो. बाकीचे दिवस ती घरी येते तेव्हा मी पायजम्यात असतो.
ते ठीक आहे, म्हटलं. पण योनेदा-सानना नकार लिहीत होतो तेव्हा का नाही बोललीस. सिग्नल लाल होता. हिरवा झाला तरी तिने गाडी हलवली नाही, मागचा हॉर्न वाजवायला लागला. म्हणाली, मग तू गेला असतास.
मला राग आला होता आणि बरंही वाटलं होतं, आणि दोन्ही एकदम कसं दाखवायचं ते समजेना. घरी येऊन तिने पोहे केले.

३० एप्रिल
योनेदा-सानना फोन लावला. जागा भरली आहे. त्यांनी इथल्या हवामानाची चौकशी केली.

५ मे
संकल्प. उद्यापासून नवीन सेशन. उद्या बार्बराबाईंना सरळ जाऊन सांगायचं: मी शिक्षक आहे, मला वर्ग द्या. शुभा पद्धत. वाक्य पाठ केलं. नेत्राला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, बस, हेच बोल, आणि जरा भरभर बोल.

६ मे, मंगळवार
गेलो. सरळ बाईंसमोर उभा राहिलो. त्यांच्या शेजारी एक नवीन माणूस होता, इक्वाडोरचा, टोपी हातात घेऊन घाबरून उभा. मी तोंड उघडायच्या आत बाई त्याला सावकाश सांगायला लागल्या: भिऊ नकोस. हा मो. जानेवारीत हा तुझ्यासारखाच होता. तीन-चार महिन्यांत बघ.
तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला दुसरीकडे बघता येईना. नागोयात सहा वर्षांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. सगळे थांबले होते. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं.
छातीवर हात ठेवला. गुड. मॉर्निंग. माय. नेम. इज. मो.
बाईंचा चेहरा जरा पडला. म्हणाल्या, सुट्टीत सगळे थोडं विसरतात. मला परत गोलात बसवलं, त्या नवीन माणसाशेजारी. त्याने त्याची कुकी मोडून अर्धी मला दिली.
नेत्राने संध्याकाळी विचारलं, बोललास का. म्हटलं, बोललो. शर्ट धुवायला टाकलाय, पुढच्या मंगळवारी लागेल.