देव पाण्यात, मी जपानात

८ नोव्हेंबर, शनिवार. क्योटो

नाय, मला कुणी फसवून आणलं नाय. माझी मी आले. विमानात घाबरले नाय, जेवण बी सगळं खाल्लं. आणि देवदर्शनाला तर मुळीच नाय आले. माझे देव घरी आहेत. त्यांना पाण्यात घालून आले.

तनुजा माझी एकुलती. आधी अजिंठ्याला जपानी पाहुण्यांना लेणी दाखवायची. भाषा विद्यापीठात शिकली. मग इथल्याच एका कंपनीनं बोलावून घेतलं. सहा वर्षं झाली. आता आपल्याकडनं आलेल्या लोकांना इथली देवळं दाखवते. सगळं उलटं.

फुलंब्रीचं स्थळ आहे. सुदर्शन नाव, शाळेत मास्तर, रस्त्याला लागून शेत. माझ्या भावानं, अप्पारावनं आणलं. तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले, ती माणसं थांबलीत. म्हणून पोरीला न्यायला आले. तिला सांगितलं — फिरायला आले.

निघताना ताम्हणात पाणी भरलं. खंडोबा, भवानी, बाळकृष्ण, तिघांना आत ठेवलं. तनुजा लग्नाला हो म्हणली की काढीन. चावी शेजारच्या जैतुनबीकडं. तिला बजावलं, वरून धार सोड फक्त, आटू देऊ नको, हात लावू नको. ती म्हणली, "भाभी, तुळशीला रोज कोण घालतं पानी? मैंच ना. ये भी डालती."

घर एवढंसं आहे. काड्यापेटी. पण स्वच्छ.

९ नोव्हेंबर

किल्ला बघितला. निजो. किल्ला कसला, बसका लाकडी महाल. चपला बाहेर ठेवायला लावल्या. किल्ल्यात चपला काढतात हे पहिल्यांदा बघितलं.

आत जमीन चिवचिव करते. खरंच. पाऊल टाकलं की खालून चिमण्या बोलतात. तनुजा म्हणली, चोर रात्री आला की राजाला कळावं म्हणून. मी पुढं गेले, मागं आले, टाचेवर चालले, चवड्यावर चालले. तरी चिवचिव. तनुजा म्हणली, "आई, चल, लोक बघतात." बघू दे की. चोरासारखी चालून बघितल्याशिवाय कसं कळणार?

बाहेर आल्यावर बागेच्या बाजूनं वाकून खाली बघितलं. लोखंडी पट्ट्या, त्यात खिळे. फळी दबली की खिळा पट्टीत घासतो. माझी जुनी शिलाई मशीन अशीच बोलायची. गुलमंडीच्या बाजारात साड्यांना फॉल-पिको करते मी, दिवसभर ऐकलाय तो आवाज. दौलताबादला मोठमोठे खंदक, भुयार, वरून उकळतं तेल. इथं नुसता खिळा.

स्थळाचं आज काढलं नाय. आल्या आल्या नको.

१० नोव्हेंबर

लाल कमानींचं देऊळ. डोंगरभर कमानी. तनुजाबरोबर पुण्याचा ग्रुप होता, त्यात मला बी घुसवलं.

दारात दगडी हौद. वर लांब दांड्याची लाकडी पळी. पळी दिसली की हात पुढं जातोच. घेतलं तळहातावर, प्याले, ओला हात डोक्यावरनं फिरवला. गार, गोड पाणी. परत घेतलं. मागं रांग थांबलेली. इथले लोक बोलत नाय, नुसते पायाकडं बघतात.

तनुजा पळत आली. "आई, ते हात धुवायचं पाणी आहे. तोंड खळबळून बाजूला टाकायचं."

"मग पळी कशाला ठेवली?"

ग्रुपमधल्या एक बाई, लई टापटीप, सकाळपासून मला प्रत्येक गोष्ट सांगत होत्या. त्यांनी माझं बघून आधीच तीर्थ घेतलं होतं, नवऱ्याला बी पाजलं होतं. त्यांना मी काही बोलले नाय.

११ नोव्हेंबर

लांबच लांब देऊळ, आत हजार मूर्ती. सगळ्या सारख्या, सोनेरी, उभ्या, रांगेत. तनुजा म्हणली, यात आपल्याला भेटायचं असलेल्या माणसाचा चेहरा सापडतो म्हणतात. शोधला. आमच्या ह्यांचा नाय सापडला. त्यांना मिशा होत्या.

पण पुढच्या रांगेत वेगळ्या मूर्ती आहेत. त्यात एक म्हातारी. हात जोडलेले, गालफडं बसलेली, मान जरा वाकडी. हुबेहूब जैतुनबी. पदर तेवढा नाय. मी मोठ्यानं हसले, तनुजा बी हसली. फोटो काढू देत नाय. आता जैतुनबीला कसं पटवायचं?

रात्री भाकरी केली. ज्वारीचं पीठ मीच आणलंय. तनुजा दोन खाऊन उठली. म्हणलं, अशी रोज मिळेल, घरी चल. ती ताट धुवत राहिली. मग सुदर्शनचं सांगितलं. फोटो दाखवला. "बरा आहे," म्हणली. एवढंच.

बरा म्हणजे हो का नाय?

१२ नोव्हेंबर

घोळ झाला. जैतुनबीनं व्हिडिओ कॉल केला. मी न्हाणीत. तनुजानं उचलला. ती बाई सरळ ताम्हणावर कॅमेरा धरून, "देख बेटी, तेरे वास्ते बैठे हैं पानी में. जल्दी हौ बोल, इनकू सर्दी होएंगी."

बाहेर आले तर तनुजा फोन हातात धरून बसलेली.

"म्हणजे मी हो म्हणेपर्यंत देव बुडालेले?"

"बुडालेले नाय. पाण्यात."

"आणि मी नाय म्हणले तर?"

हे मला बी माहीत नाय. पाण्यात घालायचे कसे ते माहीत आहे. हो झालं की काढायचे ते माहीत आहे. नाय झालं तर काय, ते कुणी सांगितलंच नाय. आमच्या घरात आजवर कधी नाय झालंच नाय.

तिचे वडील दवाखान्यात होते तेव्हा बी ठेवले होते, तिनं आठवण करून दिली. व्हय, ठेवले होते. ते गेल्यावर सुतकात शेजाऱ्यांनी काढले. माझ्या हातनं नाय निघाले.

१३ नोव्हेंबर

बोलत नाय ती. मी बी नाय. उद्याची हिमेजीची तिकिटं मात्र आधीच काढलेली.

१४ नोव्हेंबर. हिमेजी

हा खरा किल्ला. पांढरा, मजल्यावर मजले. पण वाट सरळ नाय. किल्ला समोर दिसतो आणि वाट पाठीमागं नेते. दार बुटकं, मग वळण, मग परत दार. दौलताबादला अंधारी म्हणतात त्या भुयारात बी शत्रू असाच फिरवलाय. भिंतीत भोकं — तिकोनी, गोल, चौकोनी. मी एकूण एक भोकातनं बघितलं. प्रत्येकातनं आपण आत्ता आलो तीच वाट दिसते. म्हणजे खालनं चढताना आपल्याला कुणीतरी सगळीकडनं बघत असणार. हुशार माणसं.

आत जिने लाकडी, उभे, शिडीसारखे. चपला पिशवीत घेऊन चढायचं. चढले. सगळ्यात वर छोटं देऊळ. किल्ल्याच्या टोकावर! तनुजा आज पहिल्यांदा नीट बोलली. म्हणली, या टेकडीवर आधी देवीचं ठाणं होतं. राजानं किल्ल्यासाठी तिला हलवलं. मग राजा आजारी पडला. लोक म्हणले, देवी कोपली. मग तिला परत आणून इथं बसवलं.

मी तिथंच धरलं. "बघ. जागेवरनं हलवलं की कोपते. परत आणावी लागते."

"मी देवी नाय, आई."

"मी बी राजा नाय. पण आजारी पडायला वेळ लागत नाय."

हे मी बोलायला नको होतं. तिचं तोंड उतरलं. मी तरातरा उतरायला निघाले आणि पहिल्याच जिन्यावर गुडघा अडकला. पुढं जाईना, मागं येईना. खाली बघितलं तर सरळ विहीर. कठडा दोन्ही हातांनी धरून उभी. मागं सगळी माणसं थांबलेली. कुणी चकार शब्द नाय. आपल्याकडं असतं तर पाच जणांनी सल्ला दिला असता, दोघांनी उचललं असतं.

तनुजा माझ्या बाजूनं सरकून खाली गेली, माझ्याकडं तोंड करून उलटी उतरायला लागली. माझा पाय हातात धरून पायरीवर ठेवायची. "डावा. आता उजवा. खाली बघू नको, माझ्याकडं बघ." आवाज एकदम थंड. असा आवाज तिनं माझ्याशी कधी काढला नव्हता. कामाचा आवाज असणार. प्रत्येक मजल्यावर असंच. एकदा बी मागं वळून पायरी बघितली नाय तिनं. तिच्या पायाला जिना पाठ आहे.

रात्री स्वतःहून बोलली. स्वैपाक तसाच ठेवून समोर बसली. "आई, मला सुदर्शन नको. कुणीच नको असं नाय, पण जाऊन तिथं राहायचं नाय. मी भांडून नाय सांगत."

म्हणलं, अजिंठा काय वाईट होता?

"अजिंठ्याला मी देवाची रिकामी घरं दाखवत होते. त्या जपानी म्हाताऱ्या तिथं जमिनीवर बसायच्या, डोळे पुसायच्या. आपला वॉचमन शिटी मारायचा — चला, चला, बाहेर. इथं त्याच देवाला सकाळी भात ठेवतात, आई. मला ते बघायचं असतं. रोज."

शिटीचं खरं आहे. मी ऐकलीय.

१५ नोव्हेंबर

अप्पारावचा फोन. "आक्का, काय म्हणते भाची? ती माणसं विचारतात." सांगितलं, बघते. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, पाण्यातले देव मधीच काढले तर? तो ओरडला. "येडी झालीस का? काम झाल्याशिवाय नाय काढायचे. घराला लागतं." कुठं लिहिलंय विचारलं. लिहिलेलं नसतं म्हणला, तसंच असतं.

१७ नोव्हेंबर. इसे

काल लिहायला झालं नाय. पाय सुजला होता. आज बरा.

लांब आलो, आगगाडीनं. इथलं सगळ्यात मोठं देऊळ, तनुजा म्हणली. मला वाटलं, सोनं असेल. काहीच नाय. साधं लाकूड, रंग बी नाय, कुंपण. पुढं पांढरा पडदा. त्याच्यापुढं जाता येत नाय, फोटो नाय, मूर्ती दिसत नाय. वाऱ्यानं पडदा जरा हलला, सगळ्यांच्या माना पुढं गेल्या. माझी बी. पडद्याची कड हातानं शिवलेली वाटली, पण लांबनं सांगता येत नाय.

शेजारी तेवढीच रिकामी जागा. नुसते खडे अंथरलेले, मधी एक छोटी पेटीसारखी खोपटी. म्हणलं, इथलं देऊळ पडलं का?

"पडलं नाय, उतरवलं. वीस वर्षं झाली की शेजारी नवीन बांधतात. देवाला नव्या घरात नेतात. मग जुनं उतरवतात. परत वीस वर्षांनी या जागेवर."

"चांगलं असलं तरी?"

"चांगलं असलं तरी."

"कोपत नाय?"

तनुजा माझ्याकडं बघायला लागली. हिमेजीची देवी तिला बी आठवली असणार. "नाय कोपत," म्हणली. "हजार वर्षांच्या वर झालं. असंच चाललंय."

हे माझ्या डोक्यात बसेना. मग लई विचारलं. सुतार कुठनं येतात? पोरंच असतात, म्हाताऱ्यांबरोबर काम करतात, पुढच्या खेपेला तीच म्हातारी होतात. देवाला नेताना लोक बघतात? रात्री नेतात, अंधारात, पांढऱ्या कापडाच्या आडोशानं. कापड कोण विणतं? तनुजाला ते माहीत नव्हतं. तिनं एका पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला विचारलं. तो माझ्यापुढं वाकला, मी त्याच्यापुढं वाकले, तो परत वाकला. शेवटी मीच थांबले, नायतर संध्याकाळ झाली असती. देवाची कापडं बी दर खेपेला नवीन विणतात म्हणे.

आणि जुनं लाकूड? हे शेवटी विचारलं. मला वाटलं, जाळत असतील.

तनुजा मला परत पुलापाशी घेऊन आली. पुलाच्या दोन्ही टोकांना मोठी लाकडी कमान आहे, येताना आपण तिच्याखालनंच गेलो होतो, मी बघितलं बी नव्हतं. "हे त्याचेच खांब. देवळातले मोठे खांब काढून इथं उभे करतात. येणारा जाणारा इथनं जातो."

मी हात लावून बघितला. गुळगुळीत. वरनं काळपट, पण आत कीड नाय, टणक. लोक येत होते, खांबापाशी थांबून वाकत होते, मग पूल ओलांडत होते. मी बाजूला उभी राहून बराच वेळ बघितलं. तनुजानं घाई केली नाय.

गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तोंड उघडं. लहानपणी अशीच झोपायची, फुलंब्रीच्या एसटीत.

१८ नोव्हेंबर

आज कुठं गेलो नाय. उरलेल्या पिठाच्या भाकरी केल्या. तनुजाला थापायला शिकवलं. पहिल्या तीन फाटल्या. चौथी बरी. परवा माझं विमान.

१९ नोव्हेंबर

सकाळी जैतुनबीला फोन लावला. म्हणलं, देव काढ पाण्यातनं. मऊ फडक्यानं पूस, देव्हाऱ्यात ठेव. खंडोबा उजव्या हाताला.

ती म्हणली, "मान गई क्या तनु?"

काढ म्हणते ना.

"पन भाभी, मैं हाथ लगाऊँ?"

तूच आहेस तिथं. लाव.

अप्पारावला काय सांगायचं ते माझं मी बघीन. फुलंब्रीला बी मीच सांगीन. आणि बाकी काही विचारू नका. मी सांगणार नाय.