साडेसहाशे पौंडांचं घर

प्रिय हार्लनदादा यास,

धाकट्या ऑर्लिनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना सांग, बीटाच्या लोणच्याची बरणी पोचली, संपलीही. इकडे ग्लेनडाइव्हला सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहितो.

विल्माच्या डोळ्यांचं तुला ठाऊक आहेच. डॉक्टर म्हणतात, जे बघायचं ते येत्या हिवाळ्याच्या आत बघून घ्या. तिला नॅशनल पार्कातला तो नदीकाठ बघायचाय, जिथे लग्नानंतर आम्ही तंबू ठोकला होता. तोही सकाळी तिथेच उठून (हॉटेलातून चालणार नाही, मी विचारून पाहिलं). आता तिथे अस्वलं फार, त्यामुळे तंबू बंद, कापडी भिंतींचं काहीही बंद. फक्त मोटारीमागे ओढत न्यायची, आत झोपायची, टणक भिंतींची गाडी चालते. आमची मोटार म्हातारी, मागे साडेसहाशे पौंडांपलीकडे ओढत नाही. गॅरेजचं दार बुटकं. म्हणून छप्पर वर उचलून भिंती उभ्या करायच्या, अशी हलकी गाडी घरीच बांधायला घेतली. तू तुझी अ‍ॅल्युमिनियमची देऊ केली होतीस. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात सगळ्यांसमोर मी तिला पत्र्याचा हत्ती म्हणालो होतो. असो.

गेला हिवाळाभर फोमच्या पाट्या कापल्या. भिंती दुमडताना एकदा डावीच्या आधी उजवी पाडली आणि छप्पर माझ्या टाळक्यात बसलं (विल्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोकळ आवाज आला, म्हणजे डोकंच असेल."). नुसता फोम चेपतो, म्हणून त्यावर रंगाऱ्यांचं जाड कापड डिंकाने चिकटवून वर रंगाचे तीन हात द्यायचे. कापड विल्माने लावलं. नीट दिसत नाही म्हणून बोटांनी एकेक फुगा शोधून दाबत बसायची. वाळल्यावर भिंत वाजवली तर लाकूड वाटावं. मला इतका आनंद झाला की भीतीच वाटली.

जूनमध्ये नऊ तास ओढत नेली. तळावर छप्पर वर केलं, चारी भिंती उभ्या राहिल्या. पार्काच्या रेंजर बाईंनी भिंतीवर टकटक करून पाहिलं, मान डोलावली आणि कागदावर खूण करता करता सहज विचारलं, "घरी बनवलीत वाटतं?" मी नुसतं हो म्हणून गप्प राहणार होतो. विल्मा पुढे झाली. "भिंतीचं कापड मी लावलंय. हात फिरवून बघा, एक सुरकुती सापडली तर सांगा." बाई थांबल्या. "कापड?" म्हणाल्या. "कापडच," विल्मा म्हणाली, "आत फोम." बाईंनी अंगठा दाबला. खळगा पडला तो पडलाच. "आजी, काम फार सुरेख आहे," त्या म्हणाल्या (रडवेल्या झाल्या होत्या बिचाऱ्या), "पण अस्वलाला ते कळायचं नाही हो."

उलटे फिरलो. परतीच्या नऊ तासांत विल्मा एकदाच बोलली, "मी गप्प बसायला हवं होतं." दादा, ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. गाडीत आता बटाटे ठेवतो.

बाकी क्षेम.

तुझा,
ऑर्लिन

ता. क. हत्ती अजून अंगणात आहे का? सप्टेंबरात आठवडाभर मिळाला तर... माझी मोटार तो ओढणार नाही, म्हणजे तुला ट्रक घेऊन यावं लागेल. विल्मासाठी मागतोय.

ता. ता. क. भावोजी, हे आत पाकीट शोधायला गेलेत तोवर मी लिहितेय, ओळ वाकडी असेल. हो म्हणा. पण तुमच्या गाडीचं छप्पर गळतंय, ते यांनी नीट करून द्यायचं, असंही म्हणा, नाहीतर आतल्या आत कुढतील. नदी काय, बाई अंगठा दाबत होत्या तेव्हाच मी बघून घेतली. मग यांचं पडलेलं तोंड बघितलं. डोळे जाण्याआधी शेवटचं बघितलेलं ते राहायला नको. – विल्मा