गाडी राजूच्या हाती जाऊ नये

मी, श्रीमती अनुसया महागू शेंडे, वय चौसष्ट, माहेर आमगाव, राहणार बालाघाट, मध्य प्रदेश, किरनापूर रस्त्यावरच्या गॅरेजला लागून असलेल्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. तब्येत नरम आहे, डोकं शाबूत आहे. तसं डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला एक माणूस येऊन गेला, त्याबद्दल शेवटी लिहीन. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं.

वकील रीनाताई म्हणाल्या, "काकू, हिंदी में लिखिए, दफ्तर में आसान पड़ेगा." पण मी आमगावच्या मराठी शाळेत शिकले. जन्मभर गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलले, पोटची मुलगी माझ्यावर हिंदीत रागावते. शेवटचं म्हणणं तरी मला माझ्या भाषेत मांडू द्या. रीनाताई त्याचं भाषांतर जोडतील. दोन्हींत फरक पडला तर मराठी खरं धरावं.

१. घर आणि गॅरेजची जागा. पाटीवर 'महागू मोटर्स' लिहिलं आहे, म्हणून माझे दीर राजू शेंडे यांचा समज आहे की जागा त्यांच्या भावाची. ती माझी आहे. वडिलांनी दिलेला धानाच्या शेताचा हिस्सा विकून मी ती घेतली आणि नोंद माझ्याच नावावर आहे. पाटीवर माझं नाव टाकायचं कोणाला सुचलं नाही, तहसीलवाल्यांना मात्र सुचलं, हे माझं नशीब. घर आणि जागा दोन्ही माझी मुलगी मंजू, राहणार रायपूर, हिला देते. तिच्यावर माझा राग आहे, तरी देते. पोस्टात आणि बँकेत जे असेल तेही तिचंच. त्यातून माझं क्रियाकर्म करावं. जेवणावळ घालू नये. मी जिवंत असताना माझ्या हातचं जेवून माझ्यावर हसलेल्या लोकांना मेल्यावर पुन्हा जेवू घालायची माझी इच्छा नाही.

२. गॅरेजमधली सगळी अवजारं, म्हणजे पाने, जॅक, चेनपुली, व्हॉल्व घासायचा संच, आणि तिसऱ्या कलमात लिहिलेली गाडी, हे सर्व दीपिका, राहणार खैरलांजी, हिला देते. दीपिका माझ्या नात्याची कोणी नाही. ती स्वतःची पिकअप चालवते, धान आणि भाजी वाहते. तिलाच का, ते गाडीच्या कलमात येईल.

३. गाडी. जुनी फोक्सवॅगन बीटल, मुळात पांढरी, आता वाळूच्या रंगाची. इंजिन मागे, चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. तिला रेडिएटर नाही, पाणी लागत नाही. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीच्या कॉलनीतून बदली होऊन गेलेल्या एका इंजिनियर साहेबांनी ती क्वार्टरच्या मागे सोडून दिली होती. मंजूच्या बाबांनी भंगारात उचलली, कापून पत्रा विकावा म्हणून. मी म्हटलं, कापू नका.

मंजूचे बाबा म्हणजे महागू शेंडे, या भागातले नावाजलेले मिस्त्री. मोटरचं काम मला त्यांनीच शिकवलं, हे मी नाकारत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी पाने हातात द्यायचे, नंतर पाने चालवायला लागले. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखण्यात मी त्यांच्या पुढे गेले, हे त्यांनाही माहीत होतं. चार भिंतींत ते मला उस्ताद म्हणत. चार लोकांत म्हणत, "घरवाली हाय, चहा ठेवते."

खाणीचा माल राजस्थानला नेणारा ट्रकवाला प्रेमलाल आमचा जुना गिऱ्हाईक. त्याने ती गाडी पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, तिकडं वाळवंटात जुन्या गाड्यांची रेस होते. भल्याभल्या जीपांचं पानी उकळते. हिले तं पानीच नाही, उकळन काय?" ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

दुपारी गॅरेज रिकामं असलं की मी ती गाडी बांधायचे. मडगार्ड कापले. पुढचा-मागचा बंपर काढून लोखंडी पाईप वाकवून लावला. गाडी उंच केली, मागे रुंद टायर घातले, इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा ठोकला. वाळू आत जाऊ नये म्हणून हवेचा फिल्टर वर, आतल्या बाजूला घेतला. माझे पाय आखूड, म्हणून पेडलवर लाकडाचे ठोकळे बसवले. एक जादा सिलिंडर आणि पिस्टन प्रेमलालने कोलकात्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणला. मंजूचे बाबा मदत करायचे, खोटं कशाला लिहू. जोडकाम तर त्यांच्यासारखं कोणाचं नव्हतं. दोन उन्हाळे मी ती गाडी वैनगंगेच्या कोरड्या पात्रात चालवली. टायरची हवा किती कमी करायची, चढावर पाय कुठे ठेवायचा, रुतायच्या आधी स्टिअरिंग कसं हलकं होतं, हे मला त्या वाळूने शिकवलं.

मग आम्ही जैसलमेरच्या पुढे गेलो. गाडी राजूच्या मिनी ट्रकवर चढवली होती. शर्यतीत नाव कोणाचं घातलं ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटलं, यात विचारायचं काय. शर्यतीच्या सकाळी राजू तंबूतून लाल कपडे घालून बाहेर आला. छातीवर त्याचं नाव शिवलेलं. बालाघाटहूनच शिवून आणले होते.

मी मंजूच्या बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तू राहू दे. इथं सारे मानसंच हायेत. लोक काय म्हनतीन?"

"गाडी कोनाले म्हायती हाय? मले का त्याले?"

"मंग सांगून दे ना त्याले."

मी सांगितलं. हात जोडून सांगितलं, "राजू, मागचे पत्रे काढू नको. पंख्याची हवा त्या पत्र्यांतूनच सिलिंडरवर जाते."

"हौ हौ वहिनी," म्हणाला आणि माझे ठोकळे लाथेने उपटून वाळूत फेकले.

तो निघून गेल्यावर मला ते पत्रे सापडले, ट्रकमध्ये ताडपत्रीखाली. इंजिन उघडं दिसलं की गाडी रुबाबदार वाटते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. दुपारी ट्रॅक्टरने गाडी ओढत आणली. तिसरा सिलिंडर जॅम. राजू खाली उतरला आणि जमलेल्या लोकांसमोर म्हणाला, "भाभी के हाथ का इंजिन है ना, रोटी जैसा फूल गया!"

लोक हसले. मंजूचे बाबाही हसले. मोठ्याने नाही. पण हसले.

संध्याकाळी दोघांनी ठरवलं की गाडी तिथल्याच भंगारवाल्याला द्यायची, परत नेण्यात डिझेल कशाला जाळायचं. मी ट्रकमधले ते पत्रे, अवजारं आणि जादा सिलिंडर-पिस्टन उचलून गाडीत जाऊन बसले ते उतरलेच नाही. राजू म्हणाला, "राह्य बसून. भूक लागली का येशील." सकाळी ते ट्रक घेऊन निघाले. मंजूच्या बाबांनी पाण्याचा कॅन माझ्या दाराजवळ ठेवला. तोंड वर केलं नाही.

प्रेमलाल माल उतरवून आमची शर्यत बघायला आला होता. तो थांबला. पोती अंथरून आम्ही दोघांनी इंजिन खाली काढलं, सिलिंडर आणि पिस्टन बदलला, एकेक पत्रा जागच्या जागी बसवला, फेकलेले ठोकळे शोधून पुन्हा बांधले. इंजिन चालू झालं तेव्हा मी रडले नाही. मी कान लावून तिसरा सिलिंडर ऐकला. बरोबर होता.

शर्यतवाले झेंडे उपटत होते. एक जण पळत आला, "मैडम, रेस खत्म हो गई."

मी म्हटलं, "मालूम है."

आणि निघाले. जिथे झेंड्यांचे खड्डे दिसत होते तिथून. पहिल्या टेकाडावर गाडी थोडी बसली, मी पाय तसाच ठेवला, ती वर आली. पुढचं टेकाड उंच होतं. माथ्यावर गेल्यावर समोर रस्ता नसतो, नुसतं आभाळ असतं, आणि माणसाला ब्रेक मारावासा वाटतो. मी मारला नाही. गाडी पलीकडे उतरली आणि खाली वाळू पाण्यासारखी दोन्ही बाजूंना उडाली. त्या वेळी माझ्यासोबत कोणी नव्हतं आणि कोणी असावं असं मला वाटलंही नाही. मी पूर्ण फेरी मारून परत आले. पाहणारे दोघेच, प्रेमलाल आणि एक शेळ्या राखणारी बाई. बाईने मला ताक दिलं. मला मिळालेलं बक्षीस एवढंच.

प्रेमलालने मोबाइलवर फोटो काढला होता. गाडी टेकाडाच्या माथ्यावर, पुढची चाकं हवेत. काचेवर धूळ, त्यामुळे आत कोण आहे ते दिसत नाही. त्याच्याच ट्रकवर गाडी चढवून आम्ही बालाघाटला परतलो, तेव्हा बिचाऱ्याने कौतुकाने तो मंजूच्या बाबांना दिला. आठवड्याच्या आत तो इथल्या एका वर्तमानपत्रात आला. खाली लिहिलं होतं, चालक राजू शेंडे. पत्रकार घरी विचारायला आला तेव्हा मी आत भाकरी थापत होते. मंजूचे बाबा म्हणाले, "हौ, माह्या भाऊच होता." मी सगळं ऐकलं. तवा उतरवला, बाहेर आले नाही. बाहेर येऊन काय सांगायचं होतं? नवरा खोटं बोलतो, हे? तो फोटो मोठा करून गॅरेजमध्ये लावला, अजून आहे.

पुढे मंजूच्या बाबांना लकवा मारला. चार वर्षं मी त्यांचं सगळं केलं. ते मी उपकार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते. खाट फोटोच्या समोर होती. कधीकधी त्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. लकव्यात तसंही पाणी येतं, म्हणून त्याचा अर्थ मी लावला नाही. तोंडाने शब्द निघत होते, मोजके का होईना. शेवटच्या दिवशी निघाला तो, "राजूले बलाव." मी बोलावलं.

प्रेमलाल गेल्या वर्षी वारला. आता माझ्याशिवाय सांगणारं कोणी उरलं नाही. म्हणून यंदा मंजू आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. शर्यतीच्या वेळी ती रायपूरला शिकत होती, तिला फोटोच माहीत. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मम्मी, चाचा झूठ क्यों बोलेंगे? और पापा भी?" मी म्हटलं, मग मी खोटं बोलते असं समज. थोड्या वेळाने तिने सांगितलं की नागपूरच्या एका कॅफेवाल्याला दारात ठेवायला जुनी गाडी हवी आहे, इंजिन काढून त्या जागी फुलझाडं लावणार आहेत, छान दिसेल. म्हणून गाडी मंजूला नाही.

दीपिका पिकअपचा क्लच दाखवायला आली होती. गाडीच्या भोवती एक चक्कर मारली, आत डोकावली आणि म्हणाली, "काकू, हे ठोकळे कोनाचे? राजूकाका तं केवढे उंच हायेत." तिने फोटोकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले एकडाव बसवा ना इच्यात." तेव्हापासून दर रविवारी ती येते. माझ्यासारखी चालवत नाही अजून, घाई करते. पण चढावर पाय काढत नाही.

गाडी दीपिकाला कायमची दिली आहे. तिने चालवावी, विकावी, तिचं ती बघेल. अट एकच, राजू शेंडे आणि त्यांच्या मुलाबाळांना विकू नये, चालवायला देऊ नये, फोटो काढायलासुद्धा देऊ नये. गॅरेजमधला तो मोठा फोटो मात्र राजूलाच द्यावा. गाडी त्याची होती ती त्या फोटोपुरतीच.

४. दबावाबद्दल. मी मृत्युपत्र करते आहे हे राजूच्या कानावर गेलं. परवा तो पेढे घेऊन आला. खुर्ची ओढून बसला, गुडघे दुखतात म्हणाला, मग म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या ना आता. मरतानी कोनी असं मनात ठेवते काय?"

"मी मरून नाही राह्यली. लिहून राह्यली."

"दादा तं गेले. मलेही साठी आली. माफ करून टाका."

"कायची माफी? तू काय केलतं, तोंडानं सांग."

त्याने पेढ्यांच्या डब्याचा दोरा सोडला, पुन्हा बांधला. मला खरंच वाटलं, सांगेल. माझ्या हातातला पेन थांबला होता. मग तो म्हणाला, "तं मंग गाडीचं काय ठरवलं?"

पेढे मी परत दिले.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील रीनाताईंनी करावी. माझ्या मागे लोक म्हणतील की म्हातारीने शेवटी सगळ्यांना माफ केलं. तसं म्हणायची पद्धत आहे. म्हणून स्पष्ट लिहिते की मी राजूला माफ केलेलं नाही, आणि मंजूच्या बाबांनाही नाही. त्यांच्याबरोबर बत्तीस वर्षं मी सुखाने काम केलं आणि त्यांची आठवण मला रोज येते, तरी नाही. माझ्या चितेसमोर कोणी तसं बोललं, तर दीपिकाने हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं.

वरचं सगळं मी लिहिलं, पुन्हा वाचलं, त्यातला एकही शब्द खोडायचा नाही असं ठरवून खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

सही : अनुसया महागू शेंडे

साक्षीदार :
१. दादाजी कटरे, शिलाई काम, राहणार बालाघाट (सही)
२. नूतन वासनिक, परिचारिका, राहणार बालाघाट (सही)

ठिकाण : बालाघाट, मध्य प्रदेश
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५