मायादेवीचा करवती काठ

रांझी, २१ नोव्हेंबर १९७१

खोटं बोलले. इतकं सहज!

विहाराच्या भिंतीवर तुळशीरामजी मायादेवी काढून राहिले — दारूगोळ्याच्या फॅक्टरीत पेट्यांवर नंबर रंगवतात, तेच. म्हणाले, अजिंठ्याच्या चित्रांत बायकांच्या अंगावर त्या काळचंच कापड आहे, पट्ट्यांचं, हंसांचं. मग आपल्या मायादेवीला आपल्या वस्तीतलं नेसवू. बायका आपापल्या साड्या घेऊन निघाल्या. माझ्या सगळ्या बाजारी छापाच्या. धाकटी जाऊ सुहासिनी भंडाऱ्याला माहेरी गेलेली. तिच्या पेटीतून तिची लग्नातली करवतकाठी टसर काढली नि नेली. तुळशीरामजींनी तीच निवडली. कोणाची, विचारलं.

"माझी," म्हटलं.

२६ नोव्हेंबर

काठाचे करवतीसारखे दाते भिंतीवर हुबेहूब उतरले. बायका माझंच कौतुक करतात. गोडही वाटतं, तोंडही लपवावंसं वाटतं. आज साडी परत आणली तर पदरावर गेरूचा डाग! घासला, निघाला नाही. घडी करून पेटीत तळाशी ठेवली. सुहासिनी उद्या येते.

४ डिसेंबर

लढाई लागली. यांना फॅक्टरीत ओव्हरटाइम. खिडक्यांना काळा कागद. मुरलीधर भाऊजी, सुहासिनीचे मालक, सीमेवर. ती दिवसभर रेडिओपाशी. अशात साडीचं काय सांगू? मागून सांगीन.

१३ डिसेंबर

तार आली. भाऊजी गेले.

१९ डिसेंबर

लढाई संपली. फॅक्टरीच्या गेटावर पेढे वाटले म्हणे. सुहासिनी जेवत नाही, रडतही नाही.

आज तिनं पेटी उघडली. साडी मांडीवर घेतली आणि डाग दिसला. किती वेळ बोटानं चाचपत राहिली. मग म्हणाली, "ताई, त्यांनी जपून ठेव म्हटलं होतं. माझ्यानं जपणं झालं नाही. म्हणून ते गेले."

हे समजावत होते — दीक्षा घेतली तेव्हाच आपण शकुन-अपशकुन सोडले, आता काहून धरतेस? तिनं ऐकलं नाही.

मी भांडी घासत राहिले. कशी बाई आहे मी!

२२ डिसेंबर

सांगितलं. विहारात, सुहासिनीला, सगळ्या बायकांसमोर. साडी सुहासिनीची, चोरून आणली मी, डागही माझ्यामुळंच लागला. आता ही थोबाडीत मारते, असं वाटलं.

ती जवळ आली. "म्हंजे माझ्यामुळं नाही गेले ते?"

"नाही गं."

तार आल्यापासून आज पहिल्यांदा रडली.